सहाशे चौरस फुटांतले राजवाडे

आमच्या सहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये सध्या तीन राजवाडे आणि एक भाजीची बाग आहे. जर्मनीतलं नॉयश्वानस्टाइन टीव्हीशेजारच्या भिंतीवर, फ्रान्समधलं शेनोन्सो सोफ्याच्या डोक्यावर, व्हर्सायची कारंजी बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात आणि विलांद्रीची बाग जेवणाच्या टेबलासमोर. सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेलं. घरपट्टी अजून सहाशे फुटांचीच येते, एवढंच काय ते समाधान.

हे राजवैभव आलं ते रिकाम्या भिंतीमुळे. आमच्या लहानपणी घरात रिकामी भिंत नावाचा प्रकारच नव्हता. देवांच्या तसबिरी, हार घातलेले आजोबा, किराणा दुकानदारानं दिलेलं कॅलेंडर, त्याच खिळ्याला लटकवलेली पिशवी आणि पिशवीत विजेची बिलं. भिंतीला श्वास घ्यायला जागा नसे. नव्या घराला रंग दिल्यावर मात्र हिनं जाहीर केलं, "या भिंतींना खिळा लागणार नाही." देव देवघरात गेले, आजोबा अल्बमात, कॅलेंडर मोबाइलमध्ये. काही महिने सगळे त्या स्वच्छ भिंतीकडे कौतुकानं बघत बसले. मग एका संध्याकाळी हीच म्हणाली, "भिंत किती ओकीबोकी दिसते नाही?"

दुकानातल्या मुलानं आम्हाला पाहताक्षणी ओळखलं. म्हणजे नावानं नव्हे, वर्गानं. "काका, कॅनव्हास नका घेऊ, पावसाळ्यात बुरशी धरते. काचेच्या फ्रेममध्ये ओल शिरते. मेटल प्रिंट घ्या, ओल्या फडक्यानं पुसा, विषय संपला." मग त्यानं प्रक्रिया सांगितली. चित्र आधी एका खास कागदावर उलटं छापतात, तो कागद लेप दिलेल्या पत्र्यावर ठेवून दोनशे अंशांच्या आसपास दाबतात, त्या उष्णतेनं शाईची थेट वाफ होते आणि वाफ लेपात शिरते. "रंग वर बसत नाही काकू, आत मुरतो."

"लोणच्यासारखा," ही म्हणाली.

"हो, फक्त तेल सुटत नाही."

मी बिचकत विचारलं, "रायगड आहे का?"

"रायगड करून देऊ ना. फोटो तुमचा आणा. मेटलमध्ये तयार माल सगळा इंटरनॅशनल आहे."

माझ्याकडे रायगडाचे फोटो भरपूर आहेत, पण ते आमच्या ग्रुपचे आहेत. रायगड त्यांत कुठेतरी मागे असतो, धुक्यात. म्हणून मग नॉयश्वानस्टाइन. हिरवा डोंगर, पांढरे सुळके, मागे तळं, आणि झाडांना असा लालभडक रंग की मालवणी मसाला फिका पडावा. जगात या वाड्याचे बहुतेक फोटो असेच दिसतात. एक तर आत फोटो काढू देत नाहीत, आणि दुसरं म्हणजे बाहेरून काढायला समोरच्या दरीवर एक पूल आहे, त्यावर सगळं जग उभं राहून तेच बटण दाबतं.

ड्रिलवाला दुपारी दोनला दहा कमी असताना आला. आमच्या सोसायटीत दोन ते चार ड्रिलला बंदी आहे. वामकुक्षी हा आमच्या सोसायटीच्या घटनेतला मूलभूत हक्क. म्हणजे हातात दहा मिनिटं. त्यानं विचारलं, "कॉलम कुठंय?" त्या वेळी आमचे साडू हजर होते. साडूंना जगातलं सगळं माहीत असतं आणि त्यातलं निम्मं बरोबर असतं. त्यांनी भिंतीवर बोटांनी टकटक केलं, कान लावला आणि निदान केलं, "इथे पोकळ आहे. मार."

तिथे काँक्रीट होतं. ड्रिल किंचाळलं, बिट लाल झालं, वरून सेक्रेटरींचा फोन आला. मग शेजारी मारलं, तर तिथे इतकं पोकळ की प्लास्टरचा पोपडा बशीएवढा खाली आला आणि गिट्टी आत पडली ती पडलीच. हलवली तर अजून भिंतीच्या पोटात वाजते. शेवटी जिथे जमेल तिथे चित्र लागलं, म्हणजे ठरल्या जागेच्या हातभर उजवीकडे. डावीकडे उरली भोकं.

"जरा मोठं घेतलं असतं तर झाकली गेली असती," साडू म्हणाले.

आमच्या घरातली पुढची सगळी खरेदी या एका वाक्यातून झाली आहे. नॉयश्वानस्टाइन हलवून मधे आणलं, त्याची नवी भोकं आणि जुनी भोकं यांचा मेळ बसेना, मग ते टीव्हीकडे गेलं. सोफ्याच्या वरची ओळीनं पडलेली भोकं झाकायला आडवं लांब काहीतरी हवं होतं, तर शेनोन्सो मिळालं, कारण तो वाडा नदीवर आडवाच बांधलेला आहे. पुरातन काळी गड शत्रूला अडवायला बांधत. आमच्याकडे ते प्लास्टर झाकतात.

तसा नॉयश्वानस्टाइनशी शत्रूचा संबंध कधीच नव्हता. 1869 साली त्याचा पाया घातला तेव्हा तोफांपुढे असले बुरूज केव्हाच निरुपयोगी झाले होते. बव्हेरियाच्या लुडविग दुसरा या राजाला वाग्नरच्या संगीतिकांचं वेड. त्यानं वाड्याची चित्रं क्रिस्टियान यांक नावाच्या रंगभूमीच्या पडदे रंगवणाऱ्याकडून काढून घेतली आणि वास्तुविशारदांना सांगितलं, आता हे बांधा. बाहेरून जुनाट किल्ला, आत गरम हवेवर चालणारं हीटिंग, नळाचं पाणी आणि फ्लशचे संडास. म्हणजे मुळात तो नाटकाचा सेटच. आमच्या हॉलमध्ये त्यानं सेट म्हणून उभं राहायला त्याची हरकत नसावी.

हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण भिंतीवर वाडा लावला की मालकाला त्याचा इतिहास पाठ करावा लागतो. पहिल्याच आठवड्यात आत्या आली, तिनं चपला काढता काढता चित्राला हात जोडले आणि विचारलं, "हे कुठलं देवस्थान?" त्यानंतर आलेल्या मित्राचा मुलगा ओरडला, "डिस्नेलँड!" त्याचं अगदीच चूक नव्हतं. 1955 साली उघडलेल्या डिस्नेलँडमधल्या राजकन्येच्या महालाला याच वाड्याची प्रेरणा होती. पण हे त्याला सांगेपर्यंत तो आमच्या वायफायचा पासवर्ड विचारायला लागला होता.

मग मी पद्धतच घालून घेतली. पाहुणा आला, पाणी प्यायला की त्याला सोफ्यावरून उठवायचं आणि उजवीकडून डावीकडे न्यायचं. साडू असले की माझी पंचाईत होते, कारण ते युरोपची टूर करून आलेत आणि आपण तिथे होतो हे त्यांना दर दोन वाक्यांनी आठवतं.

"सिंहासनाच्या दालनात सिंहासनच नाही," मी म्हणतो.

"मी बघितलंय. म्हणजे, नसलेलं बघितलंय," साडू म्हणतात. "दोनशे खोल्या काढायच्या होत्या, पंधराएक झाल्या. राजा काम चालू असतानाच राहायला आला."

"ओसी नसताना पझेशन?" पाहुणा पहिल्यांदाच चित्राकडे नीट बघतो. पुण्यात घर घेतलेल्या माणसाला मध्ययुगीन रोमँटिकपणा कळत नाही, पण बांधकाम रखडणं लगेच कळतं. मग लुडविग बाजूला राहतो आणि बिल्डरनं दाखवलेल्या क्लबहाउसचा विषय अर्धा तास चालतो.

साडूंच्या आठवणीत त्या वाड्याचं मुख्य वैशिष्ट्य म्हणजे चढ. खालच्या गावापासून वर चालत गेलं की अर्धा-पाऊण तास लागतो. "घोडागाडी होती, पण रांग केवढी! आत पस्तीस मिनिटं फिरवतात. सिंहगडापेक्षा चढ कमी आहे हो, पण वर पिठलं-भाकरी नाही. मग माणूस कशाच्या बळावर चढणार?"

मला त्या राजाची गंमत वाटते. त्याला माणसांचा इतका कंटाळा की वाडा डोंगरावर नेऊन बांधला. सगळे दिवस मिळवले तरी तो त्यात सहा महिनेही राहिला नाही. जून 1886 मध्ये मंत्र्यांनी त्याला वेडा ठरवून पदावरून काढलं, 13 तारखेला तो आणि त्याचा डॉक्टर तळ्यात मेलेले सापडले, आणि 1 ऑगस्टला तिकीट लावून वाडा लोकांना खुला. आता वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं तिथे येतात. आणि इथे मी, पाहुण्यांनी बघावं म्हणून हातभर लांब पत्रा लावून बसलोय, तर ते म्हणतात, "छान आहे. पंखा जरा वाढवता का?"

पंखा वाढवला की अडचण होते. हे चित्र भिंतीला चिकटवलेलं नसतं, मागे पट्टी असते, त्यामुळे ते अर्धा इंच पुढे तरंगल्याचा भास होतो. दुकानातल्या मुलानं याला 'फ्लोटिंग लुक' म्हटलं होतं. पंखा पाचवर गेला की लुक थरथरायला लागतो आणि मागे पोकळीत पत्रा वाजतो. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला, तेव्हा आमचे तिन्ही राजवाडे ताल धरत होते. व्हर्साय जरा मागे पडायचं.

त्याच अर्ध्या इंचात पाल राहायला आली. तिला याहून चांगली जागा कुठे मिळणार? पुढे राजवाडा, मागे भिंतीची ऊब, ट्यूबलाइटजवळ असल्यानं जेवण दारात. मराठीत शंकेची पाल चुकचुकते हे ऐकून होतो, आमच्याकडे ती नेमक्या वेळी चुकचुकते. मी पाहुण्यांना सांगतो, "राजानं सरकारी तिजोरीला हात न लावता स्वतःच्या पैशांनी बांधला," की मागून लगेच चुक चुक चुक. तिचंही बरोबर असतं. त्यातले बरेचसे पैसे उसने होते.

ही कर्जाची गोष्ट चौथ्या मजल्यावरच्या काकांना कळली नसती तर बरं झालं असतं. काका वास्तुशास्त्र बघतात. म्हणजे त्यांना कोणी बोलवत नाही, ते येऊन बघतात.

"मालक कोण या वाड्याचा?"

"बव्हेरियाचा राजा."

"कर्ज होतं त्याच्यावर?"

1885 पर्यंत 1 कोटी 40 लाख मार्कांवर गेलं होतं. मी म्हणालो, "थोडंफार."

"पाण्यापासून घात?"

मी गप्प. आतून ही म्हणाली, "अहो, तळ्यातच नाही का सापडला?"

काकांनी मान हलवली. "तुमचं गृहकर्ज किती वर्षांचं?"

"वीस."

"काढा ते. उत्तरेला धबधबा लावा."

शेनोन्सोला काकांची हरकत नव्हती, कारण त्यात नदी वाहती आहे. पण त्या चित्रानं आमच्या भिशीत दुफळी माजवली. झालं असं, की हिच्या मैत्रिणींनी विचारलं, या वाड्याच्या दोन बाजूंना दोन बागा कशाला? आणि मी, उत्तर पाठ होतं म्हणून, स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दिलं. हेन्री दुसरा यानं 1547 साली राजा झाल्यावर हा वाडा आपल्या लाडकीला, दियान द प्वातिएला दिला. ती त्याच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठी. तिनं नदीवर पूल बांधला, बाग लावली. 1559 मध्ये राजा भाल्याच्या खेळात जखमी होऊन गेला. विधवा राणी कॅथरीन द मेदिची हिनं लगेच दियानला सांगितलं, हा वाडा मला, तुला तो शोमोंचा. मग दुसऱ्या बाजूला स्वतःची बाग लावली आणि दियानच्या पुलावर आपलं दालन चढवलं.

भजी थंड झाली. एकीनं विचारलं, "मोठी बाग कोणाची?"

"दियानची. बारा हजार चौरस मीटर. कॅथरीनची साडेपाच हजार."

"बघा! एवढं करून बाग छोटीच राहिली बिचारीची."

"बिचारी कसली? वाडा मिळाला की."

"लग्नाची बायको आहे ती, वाडा मिळायलाच हवा. त्यात उपकार कसले?"

"पण पूल दियाननं बांधला ना? कष्ट तिचे."

"कष्ट कसले, पैसे राजाचे!"

त्या दिवशी चिठ्ठी काढायची राहिली. तेव्हापासून भिशीत दोन गट आहेत. कॅथरीन गट सोफ्यावर बसतो, कारण तिथून दियानची बाग दिसत नाही. दियान गटातल्या एकीनं आता बाल्कनीत कुंड्या वाढवल्यात आणि शेजारणीच्या कठड्यावर तिच्या वेलाचं टोक गेलंय. प्रकरण सेक्रेटरींकडे आहे.

बाबांना मात्र शेनोन्सो मनापासून आवडतं. संध्याकाळी सोफा मालिकेवाल्यांकडे असतो, बाबांची खुर्ची टीव्हीच्या बाजूला, सोफ्याकडे तोंड करून. हे प्रिंट इतकं चकचकीत आहे की समोरचा अख्खा टीव्ही त्यात उमटतो. त्यामुळे सामना असला की बाबा मान न वळवता तो शेर नदीच्या पात्रात बघतात. फक्त त्यांना सगळे खेळाडू डावखुरे दिसतात. "हल्लीच्या संघात डावखुरे फार घेतलेत," असं त्यांनी बागेतल्या मंडळींना सांगितलं. त्यावर बरीच चर्चा होऊन मंडळींनी निवड समितीला दोष दिला.

व्हर्साय बोळात का, तर तिथे मीटरच्या पेटीमागे ड्रिल चुकलं होतं. त्या चित्रात कारंजी अशी उसळतायत की बघूनच आमच्या टाकीची आठवण होऊन पोटात गोळा येतो. चौदाव्या लुईनं कारंजी भरमसाट बांधली, आणि मग लक्षात आलं की तेवढं पाणीच नाही. सेनवरून पाणी वर चढवायला मार्लीला चौदा प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं, ते 1684 मध्ये सुरू झालं, तरी पुरेना. मग युक्ती काढली. राजा फिरायला निघाला की माळी शिट्टी वाजवत. राजा जिकडे येईल तिकडचं कारंजं सुरू, पुढे गेला की मागचं बंद. राजाला वाटे, आपल्या बागेत सदा पाणीच पाणी.

हे वाचल्यापासून आमच्या वॉचमनविषयी माझा आदर वाढलाय. टँकर आला की तोही शिट्टी वाजवतो, ए विंगचा व्हॉल्व्ह उघडतो, बी विंगचा बंद करतो, आणि अध्यक्ष ज्या विंगमध्ये राहतात तिथे पाण्याची टंचाई आहे हे अध्यक्षांना अजून कळलेलं नाही.

विलांद्रीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ही बाग म्हणून आणली आणि जवळून पाहिलं तर कोबी निघाला. नऊ मोठे चौकोन, त्यांत कोबी, बीट, गाजर, कांद्याची पात रंग बघून नक्षीत लावलेली. 1906 मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरनं, जोआकिम कारवाल्योनं, संशोधन सोडून हा वाडा घेतला आणि हे मांडलं. आम्हाला वाटलं, मुलाला भाजी खायला घालताना उपयोग होईल.

"बघ, राजवाड्यातसुद्धा कोबी असतो."

"ते लोक बघतात, आई. खात नाहीत."

आत्या दर वेळी जेवताना तिकडे बघून म्हणते, "अजून काढला नाही का रे? जून झाला असेल." तिथे वर्षातून दोनदा लावणी बदलतात हे तिला सांगून उपयोग नाही. आमच्या भिंतीवर तोच कोबी बारा महिने आहे. हिनं एकदा त्यावर दुधाचं बिल चुंबकानं लावून बघितलं, पण अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. बिल वरणात पडलं.

मग 2025 च्या जुलैत पॅरिसला युनेस्कोची बैठक झाली. त्यात मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि त्याच बैठकीत लुडविगचे राजवाडेही गेले. साडूंचा फोन आला. "अरे, तुझा हॉलमधला आणि आपला रायगड बॅचमेट निघाले!"

दिवाळीत सोसायटीनं किल्ले स्पर्धा ठेवली, विषय अर्थातच बारा किल्ले. रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग पहिल्याच दिवशी वाटले गेले. लोहगडावर दोघांनी दावा केला, चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. आमच्या चिरंजीवांनी कोणाला न विचारता आमच्याच हॉलमधला बांधला. विटा, पोती, चिखल, वर चुना, पुठ्ठ्याचे सुळके. पायथ्याशी अळीव पेरले. मावळे घरात होतेच, ते बुरुजावर चढवले. सिंहासन तेवढं ठेवलं नाही. "तिथे नसतंच," तो म्हणाला. अभ्यास पक्का.

परीक्षक म्हणून जवळच्या शाळेतले निवृत्त इतिहासाचे सर आले. सोबत सेक्रेटरी, मागे काका आणि हातात वही घेतलेले साडू. सरांनी किल्ल्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. चष्मा पुसला. बाराच्या यादीवरून बोट फिरवत गेले. साल्हेर नाही, शिवनेरी नाही, खांदेरी नाही, समुद्रच नाही. पन्हाळ्यावर थोडे थांबले. यादीच्या तळाशी आल्यावर त्यांचा चेहरा उजळला. महाराष्ट्राबाहेरचा तो एकच, तामिळनाडूतला, जिथे स्पर्धेला जमलेल्यांपैकी कोणीच गेलेलं नव्हतं.

"जिंजी!" सर म्हणाले. "वाटलंच मला. तिकडची शैलीच वेगळी. पण बाळ, इतका पांढरा का केलास?"

"सर, तिथे बर्फ पडतो ना."

सरांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी साडूंकडे पाहिलं.

"पडतो," साडू ठामपणे म्हणाले. "मी बघितलाय."

सरांनी वहीत लिहून घेतलं आणि त्याला उत्तेजनार्थ दिलं.